‘वरून फोन आलाय’ : तोंडी बंदीला लेखी उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक अनुदानित महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तिथे महिनाभरात तीन गोष्टी घडल्या. तृतीय वर्षाच्या मुलांनी खाडीचं पाणी आणि मासळी यावर फील्ड प्रोजेक्ट केला, त्यातली दोन पानं काढून टाकायला सांगितलं. कातळशिल्पं आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, येऊ घातलेले प्रकल्प या विषयावर बाहेरच्या अभ्यासकाचं व्याख्यान ठरलं होतं, ते आदल्या संध्याकाळी रद्द झालं. आणि याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून प्राध्यापिकेला मेमो आला. त्या विचारतात, शैक्षणिक स्वातंत्र्य नावाचं काही कायद्यात आहे का, आणि नोकरी न घालवता काय करता येतं?

मॅडम, आधी एक गोष्ट बघा. या तिन्हींपैकी कागदावर फक्त एकच आलंय, तुमच्यावरचा मेमो. पानं काढा, व्याख्यान नको, हे दोन्ही तोंडी. प्राचार्य म्हणाले ‘वरून फोन आलाय’. वर म्हणजे कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि त्यांनी सांगितलं नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांत बंदी जवळजवळ नेहमी याच वाटेने येते. लेखी आदेशाला सही लागते, कलम लागतं, कारण लागतं, आणि मग त्याच्याविरुद्ध अपील करता येतं. तोंडी आदेशाला बाप नसतो. म्हणून पुढे जे काही सांगतोय त्याचा गाभा एवढाच, की तोंडी आलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी कागदावर आणायची, आणि तो निर्णय घ्यायचा अधिकार नेमका कोणाचा होता हे त्या कागदावरून विचारायचं.

आता कायद्याचं. राज्यघटनेत ‘शैक्षणिक स्वातंत्र्य’ हा शब्द नाही. जर्मनीच्या घटनेत अध्यापन आणि संशोधनाचं स्वातंत्र्य वेगळं लिहून ठेवलंय, तसं आपल्याकडे नाही. आपल्याकडे ते अनुच्छेद 19(1)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या पोटात येतं, आणि त्यावर बंधनं घालायची तर ती 19(2) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच घालता येतात : देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. ‘संस्थेचं नाव खराब होईल’, ‘देणगीदार नाराज होतील’, ‘निवडणूक तोंडावर आहे’ ही कारणं त्या यादीत नाहीत.

पण एवढ्या बळावर उडी मारू नका. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध चालतात. तुमची संस्था खासगी, पगार सरकारी अनुदानातून. तिथे थेट अनुच्छेद 19 घेऊन गेलात तर पहिली लढाई ‘ही संस्था राज्य या व्याख्येत येते का’ यावरच होईल आणि मूळ व्याख्यान बाजूला राहील. त्यापेक्षा जवळचं आणि धारदार हत्यार म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016, त्याखालचे परिनियम (विद्यापीठाचे नियम), आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे शिक्षक पात्रता विनियम. या विनियमांतली व्यावसायिक आचारसंहिता मेमोमध्ये हमखास फेकली जाते, पण ती पूर्ण कोणी वाचत नाही. शिक्षकाने परिषदा, चर्चासत्रं यांतून मोकळं आणि स्पष्ट मत मांडून ज्ञानात भर घालावी, असं त्याच संहितेत कर्तव्य म्हणून लिहिलंय. हक्क म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून! मेमोच्या उत्तरात हे वाक्य उपयोगी पडतं.

सरकारी महाविद्यालयातल्या, तंत्रनिकेतनातल्या लोकांनी मात्र हे आपल्याला जसंच्या तसं लागू आहे असं समजू नये. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागतात, आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर त्यात स्पष्ट बंधन आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कायदा वेगळा, 1983 चा. एकाच गावातल्या तीन प्राध्यापकांना तीन वेगळे नियम लागू असू शकतात. अनुदानित महाविद्यालयातल्या माणसाला 1979 चे नियम दाखवून घाबरवलं जातं, तेव्हा शांतपणे विचारावं : हे नियम मला कोणत्या परिनियमाने लागू होतात?

अधिकार कोणाचा, हा प्रश्न मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात एकदा चांगलाच गाजला. 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी बी.ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, आणि कुलगुरूंनी 1994 च्या तत्कालीन कायद्याच्या कलम 14(7) खालचे तातडीचे अधिकार वापरून ती काढली. वर्ष सुरू झालेलं होतं, पुस्तक शिकवणं चालू होतं. म्हणजे रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या वर्गांतूनही ते गेलं. वादाचा मुद्दा पुस्तक चांगलं की वाईट एवढाच नव्हता. अभ्यासक्रम ठरवायचं काम अभ्यास मंडळाचं, तिथून विद्याशाखा आणि विद्या परिषदेचं, आणि त्या कोणालाही न विचारता एका सहीवर ते झालं, हा होता. दुसऱ्या वर्षी दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांचा रामायणावरचा निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून गेला, तो विद्या परिषदेच्या बैठकीतून. तज्ज्ञांच्या समितीतल्या चारपैकी तिघांनी निबंध ठेवावा असं सांगूनही तो गेला. निकाल दोन्हीकडे वाईटच. पण दिल्लीत बैठक झाली, विरोधी मत नोंदलं गेलं, आणि आजही ते दाखवता येतं. मुंबईत विद्या परिषदेचं मत घ्यायची वेळच आली नाही.

तातडीच्या अधिकाराचं ते कलम आताच्या 2016 च्या कायद्यात 12(7) आहे. त्यात अट अशी की कुलगुरूंनी कारणं लेखी नोंदवून, एरवी ज्या मंडळाने तो विषय हाताळला असता त्याला लवकरात लवकर कळवायचं. म्हणून ‘विद्यापीठानेच काढायला सांगितलंय’ असं कोणी म्हणालं तर दोन गोष्टी मागायच्या : परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख, आणि 12(7) वापरलं असेल तर ते कोणत्या मंडळाच्या कोणत्या बैठकीपुढे ठेवलं. बऱ्याचदा असं कळतं की परिपत्रकच नव्हतं, कोणाचा तरी फोन होता.

संलग्न महाविद्यालयाच्या संस्थाचालकांना अभ्यासक्रमातला स्वल्पविराम काढायचाही अधिकार नाही. स्वायत्त महाविद्यालयात गोष्ट वेगळी. तिथे अभ्यास मंडळ महाविद्यालयाचंच असतं, आणि बाहेरच्या नजरेपैकी एक म्हणजे प्राचार्यांनी सुचवलेल्या सहा नावांतून कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ. स्वायत्तता म्हणजे स्वातंत्र्य, असं सगळे धरून चालतात. संस्थेचा हात वर्गापर्यंत पोचायचं अंतरही त्यामुळे कमी होतं, हे स्वायत्तता मिळाल्याचे पेढे खाताना कोणाच्या लक्षात येत नाही.

कागदावर आणायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं? भांडणाची भाषा नको. संभाषणाला दुजोरा देणारं साधं पत्र. व्याख्यानाबद्दल ते असं असावं :

‘महोदय, दि. … रोजी सायंकाळी 5.30 वाजता आपल्या दालनात आपण मला तोंडी कळवलंत की दि. … रोजीचं … यांचं व्याख्यान घेऊ नये. या कार्यक्रमास आपली लेखी मंजुरी दि. … च्या पत्राने मिळालेली असून पाहुण्यांना निमंत्रण गेलेलं आहे. कार्यक्रम रद्द करण्याचं कारण व त्याबाबतचा लेखी आदेश मिळाल्यास पाहुण्यांना व विद्यार्थ्यांना तसं कळवता येईल. माझ्या समजुतीत काही चूक असल्यास कृपया तीन दिवसांत दुरुस्त करावी.’

बस, एवढंच. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण उत्तर आलं नाही तरी तुमचं म्हणणं नोंदीवर राहतं आणि ते खोडलेलं नसतं. पत्र दोन प्रतींत न्यायचं. कार्यालयात आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच आपल्या प्रतीवर घ्यायची. कारकून ‘साहेबांना विचारतो’ म्हणाला आणि पोच मिळाली नाही, तर त्याच दिवशी महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं. व्हॉट्सॲपवर पाठवून निळ्या टिका बघत बसू नका, कारण ग्रुपमधून काढलं की सगळं गेलं.

या पत्राने प्राचार्य अडचणीत येतात, हे खरं. पण अनेक प्राचार्यांना ते हवंच असतं. वरच्या फोनला ‘लेखी द्या, बाई लेखी मागताहेत’ असं सांगायला त्यांना निमित्त मिळतं, आणि लेखी द्यायची वेळ आली की निम्मे फोन थंड होतात.

आता प्रोजेक्ट. इथे मी जरा जास्त वेळ घेतो, कारण कोकणात सध्या खरी कात्री संशोधनावर चालते. अणुप्रकल्प, रिफायनरी, खाणी, औद्योगिक वसाहतीखालच्या खाड्या, या सगळ्यावर मुलं आपापल्या गावातून माहिती आणतात. ती पानं काढायला सांगणारा माणूस सहसा ‘हे दाबा’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हे शास्त्रीय नाही.’ आणि वाईट हे की बऱ्याच वेळा त्याचं बरोबर असतं.

खाडीच्या पाण्याचंच घ्या. नमुना किती वाजता घेतला आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरर्थक आहे. भरतीला समुद्राचं पाणी आत येऊन सगळं पातळ होतं, ओहोटीला वरून आलेलं खाली उतरतं. एकाच ठिकाणी दोन्ही वेळचे, साधारण सहा तासांच्या अंतराने, आणि वसाहतीच्या वरच्या अंगाचा एक तुलनेचा नमुना हवाच. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न ठेवता भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड जागेवरच घालायचं. रात्रभर एसटीत हलत गेलेल्या बाटलीतला ऑक्सिजन हा त्या खाडीचा नसतो. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आपल्या भारतीय मानकाप्रमाणे 27 अंशांवर 3 दिवसांचा, परदेशी लेखांत बहुधा 20 अंशांवर 5 दिवसांचा. मुलं दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘दुप्पट प्रदूषण’ लिहितात. सगळ्यात मोठा सापळा सीओडीचा, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं, ते चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन खातं आणि सीओडी खोटा फुगून दिसतो. मर्क्युरिक सल्फेट घालून थोडं क्लोराइड दाबता येतं, पण लिटरला 2 ग्रॅमच्या वर नेहमीची पद्धत धरता येत नाही. म्हणजे खाडीच्या तोंडापाशी भरतीला घेतलेल्या नमुन्याचा सीओडी हा कंपनीच्या वकिलाला तुम्ही दिलेला अहेर आहे. तो आकडा काढा, ऑक्सिजन आणि क्षारता ठेवा.

भाषाही तितकीच जपायची. ‘अमुक कारखान्याने खाडी मारली’ हे वाक्य अब्रुनुकसानीच्या दाव्याला आमंत्रण. ‘नमुना क्र. 3 मध्ये ओहोटीच्या वेळी ऑक्सिजन लिटरला अमुक मिलिग्रॅम आढळला, नमुना क्र. 1 मध्ये तमुक’ हे वाक्य कोणालाही खोडता येत नाही, फक्त पुन्हा मोजता येतं. खारवी, भोई, गाबीत, दाल्दी मच्छीमारांच्या मुलाखतींत नावं काढून क्रमांक घाला, आणि वाडीचं नाव लहान असेल तर तेही. तुमच्या प्रोजेक्टमुळे एखाद्याच्या पोराची कंपनीतली कंत्राटी नोकरी जाऊ नये.

इतकं केल्यावरही पानं काढा म्हणाले, तर अधिकार पुन्हा बघा. प्रोजेक्टचं मूल्यमापन मार्गदर्शक आणि परीक्षक करतात, संस्थेचे अध्यक्ष नाहीत. मार्गदर्शक म्हणून तुम्ही लेखी शेरा द्या की पद्धत तपासली आहे आणि पानं विषयाशी संबंधित आहेत. मुलांनी अहवाल मुदतीत मूळ स्वरूपात सादर करून पोच घ्यावी. गुण अडवले तर विद्यार्थ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या तक्रार निवारण विनियमांखाली जावं. एक बारकावा : त्या विनियमांत ‘सेन्सॉरशिप’ असा तक्रारीचा प्रकार नाही. ‘मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत’ आहे. तक्रार त्या शब्दांत लिहा. तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील.

कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून प्रयोगशाळेचं सामान आलं असेल तर सामंजस्य कराराची प्रत आजच काढून वाचा. ‘प्रकाशनापूर्वी कंपनीची मंजुरी’ असं कलम बहुतेकांत झोपलेलं असतं. पुढचा करार करताना ते ‘प्रकाशनापूर्वी 30 दिवस मसुदा अभिप्रायासाठी देण्यात येईल’ असं करून घ्या. अभिप्राय घ्यावा, मंजुरी घेऊ नये. आणि जैतापूरच्या अणुप्रकल्पासारख्या विषयात अणुऊर्जेच्या कायद्यात प्रकल्पाविषयीची माहिती उघड करण्यावर बंधनं आहेत, हे विसरू नका. जाहीर अहवालांतली आणि जनसुनावणीत मांडलेली माहिती वापरा, त्यात भरपूर आहे.

माहिती दडपायचं काम महाविद्यालयातच होतं असंही नाही. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाणी-प्रकल्पांच्या परवानग्यांकडे खास बघायला त्या समितीला सांगितलेलं होतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागितला तर नकार. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल 2012 मध्ये तो द्यायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, 17 मे 2012 रोजी हरलं, आणि मग अहवाल लोकांना मिळाला. अहवाल बरा की वाईट यावर आपल्याकडे अजून भांडणं आहेत. पण भांडायला तो हातात तरी आला, आणि तो आला एका साध्या अर्जामुळे.

तुम्हीही तो अर्ज करा. अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकाराखाली येतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांच्या आत, एकाच विषयावर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. इथे नवखे लोक हमखास चुकतात : ‘व्याख्यान का रद्द केलं?’ असं विचारतात. ‘का’ ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, त्याच्याकडे असलेले कागद द्यायला बांधील आहे. म्हणून कागद मागा. सभागृह आरक्षण वहीची त्या आठवड्याची पानं, आवक-जावक नोंदवहीची त्या चार दिवसांची पानं, महाविद्यालय विकास समितीच्या गेल्या दोन बैठकांची इतिवृत्तं, आणि त्या विषयावर बाहेरून आलेल्या पत्रांच्या प्रती. ‘असा कोणताही पत्रव्यवहार उपलब्ध नाही’ हे उत्तर आलं तरी बरंच मिळालं. बंदीला कागदाचा आधार नव्हता, हे त्यांनीच लिहून दिलं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, 20 रुपये. दुसरं अपील 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईला. तिथली तारीख मिळेपर्यंत दोन बॅचेस पास होतील, त्यामुळे पहिल्या अर्जातच नीट मागा.

विकास समितीचं नाव आलंच आहे तर तेही. 2016 च्या कायद्याच्या कलम 97 खाली ती असते, वर्षातून किमान चार बैठका, आणि तिच्यात शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक. या तीन जागांसाठी कोणी उभं राहत नाही, कोणालातरी ‘जा रे’ म्हणून पाठवतात. तिथे बाहेरच्या वक्त्यांसाठी एक लेखी पद्धत मंजूर करून घ्या : अर्ज किती दिवस आधी, मंजुरी कोण देणार, मंजुरी मागे घ्यायची तर लेखी कारणासह आणि किती तास आधी. असं धोरण शांत काळात होतं, वाद पेटल्यावर होत नाही.

व्याख्यानाबद्दल राहिलेलं थोडं. महाविद्यालयाच्या बंदिस्त सभागृहात, आपल्याच विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमाला सहसा पोलीस परवानगीची गरज नसते. मैदानात आणि लाऊडस्पीकर लावून असेल तर लागते. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश (सभा-जमावावरची बंदी) चालू आहे का ते पाहा. आपल्याकडे सणावारांच्या आणि आंदोलनांच्या दिवसांत तो पंधरा-पंधरा दिवसांनी निघत असतो. ‘37 लागू आहे’ एवढं ऐकून गप्प बसू नका. आदेश मागवून त्यातली सवलतींची यादी वाचा, आणि शंका असेल तर पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची लेखी माहिती देऊन पोच घ्या. आयोजकांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलिसांकडून जी ‘149 ची नोटीस’ यायची ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली येते. ती ताकीद असते. तिच्याने कार्यक्रम आपोआप रद्द होत नाही, पण प्राचार्यांच्या टेबलावर ती रद्द-आदेशासारखी फिरते.

‘विरोध करणारे येतील, गोंधळ होईल’ या कारणावर सर्वोच्च न्यायालयाचं 1989 चं एस. रंगराजन प्रकरण आहे. निदर्शनांच्या धमकीने अभिव्यक्ती दाबणं म्हणजे दंडेलीपुढे शरण जाणं, धोका दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका जवळचा आणि थेट हवा, असा त्याचा आशय. बंदोबस्त देणं हे शासनाचं काम. पत्रात हे एक वाक्य घाला, जास्त नको. पाहुणा परदेशी असेल तर मात्र व्हिसाचा प्रकार आणि केंद्राच्या परवानग्या आधी तपासा. त्यातले नियम बदलत असतात : 2021 च्या जानेवारीत ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांसाठीही पूर्वपरवानगीचं परिपत्रक निघालं, आरडाओरडा झाला, आणि फेब्रुवारीत ते मागे घेतलं गेलं.

धार्मिक किंवा ऐतिहासिक विषय असेल आणि कोणी गुन्हा दाखल करायची भाषा करत असेल, तर घाबरण्याआधी कलम वाचा. दंड संहितेतलं जुनं 295-अ (धार्मिक भावना दुखावणं) आता भारतीय न्याय संहितेत 299 आहे, जुनं 153-अ (समाजगटांत वैर पसरवणं) आता 196. 299 ला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेली कृती लागते, आणि या दोन्ही प्रकारच्या गुन्ह्यांत शासनाच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इम्रान प्रतापगढी प्रकरणात सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या टप्प्यातल्या आरोपांत पोलिसांनी शक्यतो आधी प्राथमिक चौकशी करावी, आणि ती 14 दिवसांत. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं प्रकरण आपल्याकडे सगळ्यांना आठवतं ते जानेवारी 2004 मध्ये भांडारकर संस्थेची मोडतोड झाली एवढंच. पुढचं कोणी सांगत नाही : लेखक-प्रकाशकांवरचा गुन्हा 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने पुस्तकावरची बंदी उठवली, आणि 2010 मध्ये तो निकाल वर कायम झाला. त्या पुस्तकातला वादग्रस्त मजकूर तिरस्करणीय वाटणं वेगळं आणि शासनाने कारणं न देता बंदी घालणं वेगळं, हा फरक वर्गात शिकवायलाही चांगला आहे. शिक्षकाने करायचं ते एवढंच : संवेदनशील मजकूर शिकवताना पाठाचं टाचण, मूळ संदर्भ आणि तो अभ्यासक्रमाच्या कोणत्या घटकात येतो हे जवळ ठेवायचं. मोबाइलवर काढलेल्या चाळीस सेकंदांच्या क्लिपला तासाभराचं टाचण हेच उत्तर असतं.

आता तुमचा मेमो. मुदतीत उत्तर द्या, अगदी शेवटच्या दिवशी का होईना. पहिलं उत्तर छोटं : नेमकी कोणती पोस्ट, कोणती तारीख, आचारसंहितेच्या कोणत्या कलमाचा भंग, आणि ज्या तक्रारीवरून मेमो दिला तिची प्रत. ‘मनस्तापाबद्दल दिलगीर आहे’ असं चांगुलपणाने लिहू नका. हाच कागद पुढे कबुली म्हणून येतो. पोस्ट पुसू नका. पुसलीत तरी कोणाकडे तरी तिचा फोटो असतोच, आणि तुमच्याकडे संपूर्ण मजकूर राहत नाही. पोस्टमध्ये तुम्ही घडलेली गोष्ट सांगितलीत की अध्यक्षांच्या घरच्यांवर घसरलात, हे मला माहीत नाही. दुसरं असेल तर स्वातंत्र्याची ढाल तिथे पुरणार नाही. सेवेसंबंधी तक्रारीसाठी 2016 च्या कायद्याच्या कलम 79 खाली विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे. प्रकरण बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीपर्यंत गेलं तर कलम 81 खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील. ही 30 दिवसांची मुदत लोक संस्थेच्या ‘बघू, मिटवू’ मध्ये घालवतात.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधनावरच्या शिक्षकांना यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. त्यांना कोणी काढत नाही, फक्त पुढच्या जूनमध्ये बोलावत नाही. त्याविरुद्ध अपील कशाचं करणार? रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, तोपर्यंत अर्ध्या विभागांत बंदी घालायची गरजच पडत नाही. म्हणून तुमच्या पत्रांवर सही कायम शिक्षकाचीच असू द्या, आणि तुमच्या तासिकावाल्या सहकाऱ्याला ‘तूही कर ना सही’ म्हणून भरीस घालू नका.

भित्तिपत्रक आणि वार्षिक अंक यांत सगळ्यात जास्त काटछाट होते, आणि ती बहुतेक वेळा शिक्षकच करतात, मुलांना न विचारता. एकांकिकेच्या जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते वेळेवर घेतलेलं नसलं की न आवडलेलं नाटक ‘तांत्रिक कारणाने’ रद्द करणं फार सोपं जातं.

आणि प्रत्येक नकार म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. परीक्षेच्या आठवड्यात सभागृह नाही म्हणणं, पक्षाच्या झेंड्याखालची सभा आवारात नको म्हणणं, अकाउंटन्सीच्या तासाला रिफायनरीवर बोलू नका म्हणणं, हे प्राचार्यांचं कामच आहे. ओळखायचं कसं? तीच अट उलट बाजूच्या वक्त्यालाही लावली असती का, हे विचारा. गेल्या वर्षी प्रकल्पाच्या बाजूने कंपनीच्या अधिकाऱ्याचं व्याख्यान त्याच सभागृहात झालं असेल, तर त्याची निमंत्रणपत्रिका शोधून पत्राला जोडा.

मेमोचं उत्तर या आठवड्यात, व्याख्यानाचं पत्र उद्या. प्रोजेक्टची मूळ प्रत मुलांकडून आजच स्कॅन करून घ्या. व्याख्यानाची नवी तारीख सुचवताना शिमगा आणि गणपती टाळा. तेव्हा मनाई आदेशही असतो आणि वर्गात पोरंही नसतात.